भरलेली गाडी घाटात तापते, हेड खोलायचं का?

वाचकाचं पत्र, चोपडा तालुक्यातून:

"माझा २००४ सालचा सहा चाकी ट्रक आहे. सहा सिलिंडर, टर्बो, एअर ब्रेक. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत जिनिंगवर कापूस वाहतो, उन्हाळ्यात मका आणि केळी घेऊन शिरपूरमार्गे इंदूरला जातो. मार्चपासून बिजासन घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो आणि गाडी पाणी फेकते. सेंधव्याला पोचल्यावर चार-पाच लिटर पाणी टाकावं लागतं. रिकामी असली की काही त्रास नाही, टोलवर उभी राहिली तरी नाही. ड्रायव्हर म्हणतो, 'भाऊ, गाडी घाटमा भलती तापी ऱ्हायनी.' मिस्तरीने वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) नवी टाकली, बेल्ट बदलला, थर्मोस्टॅट काढून टाकला. फरक पडला नाही. आता तो इंजिनाचं हेड खोलायचं म्हणतो. मागच्या वर्षी रेडिएटर गळत होतं, तेव्हा रस्त्यात हळद टाकून वेळ निभावली होती. डिसेंबरात मात्र हीच गाडी याच घाटात भरलेली चढली होती, तेव्हा काटा जागेवरून हलला नव्हता. हेड खोलू का?"

उत्तर:

भाऊ, आत्ता हेड खोलू नका. हेडखालचं गॅस्केट (गॅस आणि पाणी वेगळं ठेवणारी चकती) गेलेलं असू शकतं. पण तुमच्या पत्रातली लक्षणं आधी रेडिएटरकडे बोट दाखवतात, आणि गॅस्केटची खात्री हेड न खोलता सकाळच्या दहा मिनिटांत होते. ती कशी करायची ते पुढे सांगतो.

पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिली आहे, डिसेंबरातली. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. डिसेंबरात दिवसा हवा २५ अंश धरा आणि इंजिनातलं पाणी ९०. फरक ६५ अंशांचा. मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४५ अंश असते, म्हणजे फरक ४५ उरतो. तेच रेडिएटर, तोच पंखा, तरी उष्णता टाकायची ताकद जवळपास तीस टक्क्यांनी घटली. धडधाकट रेडिएटरमध्ये एवढी शिल्लक ठेवलेली असते. तुमच्या रेडिएटरमधली ती शिल्लक आधीच संपलेली होती आणि डिसेंबरची थंड हवा ते झाकत होती. तेव्हा मार्चमध्ये काय बिघडलं हे शोधत बसू नका. महिनोन्‌महिने थोडंथोडं काय बंद होत गेलं ते शोधा. कापूस, हळद आणि बोअरचं पाणी ही तिन्ही नावं तुमच्या गाडीच्या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवा.

सुरुवात जाळीपासून करा, कारण त्याला खर्च नाही.

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात गाडी तासन्‌तास चालू उभी असते. हवेत रुईचे तंतू उडत असतात आणि पंखा ते सगळे रेडिएटरच्या जाळीत ओढतो. इंजिनाचा थोडा तेलकट वाफारा आणि रस्त्याची धूळ त्यावर बसली की जाळीच्या पापुद्र्यांमध्ये नमदा तयार होतो. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते, कारण तंतू आत जाऊन अडकलेले असतात. म्हणून रात्री किंवा अंधाऱ्या शेडमध्ये एकाने पंख्याच्या बाजूने टॉर्च धरायचा आणि दुसऱ्याने समोरून पाहायचं. जिथे उजेड आरपार येत नाही तिथून हवाही जात नाही. बहुतेक वेळा खालचा भाग आणि पंख्याच्या घेरासमोरचा भाग जास्त बंद सापडतो. गाडीला इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी) असेल तर तो रेडिएटरच्या पुढे असतो आणि खरा कचरा त्या दोघांच्या मधल्या फटीत साचतो. इंटरकूलरचे बोल्ट सोडून तो पुढे सरकवल्याशिवाय ती फट साफ होत नाही. नुसत्या समोरून मारलेल्या पाण्याने कचरा आणखी आत जातो.

साफ करताना आधी पाणी मारायचं नाही. ओला झालेला नमदा घट्ट बसतो. गार इंजिनावर, कोरड्यात, मऊ ब्रशने आणि हवेच्या पाइपने पंख्याच्या बाजूकडून समोरच्या दिशेने कचरा उडवा, म्हणजे हवा रोज जिकडून आत येते त्याच्या उलट. नंतर कपडे धुण्याच्या पावडरचं पाणी फवारून पंधरा मिनिटं मुरू द्या आणि साध्या पाइपने त्याच उलट दिशेने धुवा. सर्व्हिस सेंटरची प्रेशर गन जवळून मारू नका. पापुद्रे आडवे होतात आणि आडवा झालेला पापुद्रा कचऱ्याइतकाच हवा अडवतो. आडवे झालेले असतील तर पातळ पट्टीने हलक्या हाताने सरळ करा. धुऊन झालं की पुन्हा टॉर्च लावून बघा.

तिथेच उभे असताना आणखी तीन गोष्टी पाहून घ्या. पंख्याभोवतीचं काऊल, म्हणजे हवा वळवणारं कडं, जागेवर आहे का? जुन्या गाड्यांत ते फुटलं की काढून फेकतात. काऊल नसलं की पंखा पूर्ण जाळीतून हवा ओढत नाही, फक्त आपल्या समोरच्या वर्तुळातून ओढतो, आणि पात्यांच्या टोकाजवळ तीच गरम हवा गोल फिरत राहते. सपाट रस्त्यावर ५० च्या वेगात समोरची हवा भरपाई करते. घाटात भरलेली गाडी १५ च्या वेगाने चढते तेव्हा सगळी भिस्त पंख्यावरच असते. तुमची गाडी घाटातच का तापते याचं अर्धं उत्तर इथे असू शकतं. दुसरं, रेडिएटर आणि चौकट यांच्या मधल्या रबराच्या किंवा फोमच्या पट्ट्या. त्या गळून पडल्या असतील तर इंजिनाकडची गरम हवा बाजूने पुढे येऊन पुन्हा जाळीत शिरते. तिसरं, पुढे बांधलेलं सामान: मोठा गार्ड, जाहिरातीची पाटी, कापूस आत जाऊ नये म्हणून लावलेली बारीक जाळी. मार्च ते जून या सगळ्याला सुट्टी द्या.

पंखा व्हिस्कस क्लचचा असेल तर इंजिन चांगलं गरम झाल्यावर बंद करून पातं हाताने फिरवा. त्याने जोर दाखवला पाहिजे. गरम असताना ते सैल गरगर फिरत असेल, किंवा क्लचच्या मध्यभागी तेलाचे ओघळ दिसत असतील, तर आतलं सिलिकॉन तेल गेलं आहे. थेट बोल्टचा पंखा असेल तर बेल्ट बघा. दोन पुलींच्या मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १५ मिलिमीटर आत जायला हवा. बेल्ट नवा टाकला असं तुम्ही लिहिलं आहे. नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत ताणतो, म्हणून तो पुन्हा तपासायचा असतो, आणि हे बऱ्याचदा राहून जातं. नव्या वॉटर बॉडीवर पंखा उलटा तर बसवला नाही ना, तेही बघून घ्या. उलटा पंखाही हवा त्याच दिशेने ओढतो, पण कमी ओढतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही.

आता थर्मोस्टॅट. हा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे गाडी तापली की पहिला बळी त्याचाच जातो. थर्मोस्टॅट काढला की पाणी मोकळं फिरेल आणि गाडी गार राहील, अशी समजूत आहे. ज्या इंजिनात पंपाकडे परत जाणारी बायपासची वाट असते तिथे थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गरम झाल्यावर तो रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच हालचालीत खालच्या तबकडीने बायपासची वाट बंद करतो. तो काढून टाकला की बायपास कायमचा उघडा राहतो. पाणी सोपी वाट धरतं, म्हणजे बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. रिकाम्या गाडीत हे खपतं, भरलेल्या गाडीला चढावर खपत नाही. थंडीत उलट इंजिन गार राहतं, डिझेल नीट जळत नाही, लायनर झिजतात. म्हणून थर्मोस्टॅट परत बसवा, पण तपासून.

तपासणी घरच्या गॅसवर होते. थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतो, ८० च्या आसपासचा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट तारेने मधोमध टांगा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर सोडा. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे तो उघडायला लागला पाहिजे आणि त्यापुढे दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. पूर्ण उघडल्यावर ८ मिलिमीटर किंवा जास्त उचल मिळायला हवी. पाणी उकळलं तरी निम्माच उघडत असेल तर तो बाद. बसवताना त्यावरचं बारीक छिद्र किंवा हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा. त्यातून हवा निघून जाते.

यानंतर मोजणीचं काम, आणि ते भाग बदलण्याआधी करायचं. कॅबिनमधल्या काट्यावर भरवसा ठेवू नका. हेडलाइट लावल्यावर काटा उडी मारत असेल तर अर्थिंगची वायर ढिली आहे. थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) लागणारा मल्टिमीटर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. त्याचा एक प्रोब रेडिएटरच्या वरच्या नळीच्या धातूच्या तोंडाला आणि दुसरा खालच्या नळीच्या तोंडाला टेपने पक्का लावा, वरून फोमचा तुकडा बांधा म्हणजे पंख्याची हवा लागणार नाही, आणि वायर कॅबिनमध्ये घ्या. एकच मीटर असेल तर आळीपाळीने प्रोब जोडा. लेझरचा थर्मामीटर वापरणार असाल तर धातूवर आधी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवरच नेम धरा. चकचकीत धातूवर तो चुकीचा, बराच कमी आकडा दाखवतो.

मग भरलेली गाडी पळासनेरहून घाटात काढा. ड्रायव्हरने गाडी चालवावी, शेजारी बसणाऱ्याने दोन्ही आकडे दर मिनिटाला वहीत लिहावे. घाटातल्या वळणावर मोजायला थांबू नका.

समजा वरची नळी ९८ आणि खालची ९०. फरक सात-आठ अंशांचा आहे, दोन्ही गरम आहेत. म्हणजे पाणी भरपूर फिरतं आहे, पण जाळी ते गार करत नाही. दोष हवेच्या बाजूला: जाळी, काऊल, पंखा, बेल्ट. किंवा इंजिनच गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करतं आहे, त्याकडे पुढे येतो.

समजा वरची ९८ आणि खालची ७५. फरक वीसच्या पुढे. म्हणजे जाळीत जेवढं पाणी जातं तेवढं चांगलं गार होतं, पण पाणी कमी जातं आहे. आतल्या नळ्या बुजल्या आहेत, किंवा खालचा होज दबतो आहे, किंवा पंपाचा इंपेलर (आतलं पातं) शाफ्टवर सैल होऊन घसरतो आहे, किंवा बायपास उघडा आहे. तुमच्या गाडीत हळद आणि उघडा बायपास अशी दोन कारणं आधीच हजर आहेत.

काटा लालवर आणि वरची नळी मात्र ८५ दाखवते, असंही होऊ शकतं. मग थर्मोस्टॅटच्या आधी, हेडच्या बाजूला मोजा. तिथेही ८५ असेल तर सेन्सर किंवा मीटर खोटं बोलतो आहे. तिथे १०० च्या वर असेल तर थर्मोस्टॅट उघडत नाही.

पाणी कमी फिरतं असं निघालं तर गार गाडीचं टोपण काढून रेडिएटरच्या तोंडात टॉर्च मारा. नळ्यांची तोंडं दिसतात. गीझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा खवला किंवा तपकिरी-पिवळट गाळ तिथे दिसला की समजायचं. तापी-अनेर काठच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. दर खेपेला तुम्ही चार-पाच लिटर पाणी टाकता, ते उकळून जातं, क्षार आत राहतात. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. गळती बंद करायला टाकलेली हळद तर नळ्यांमध्येच जाऊन बसते, कारण सगळ्यात अरुंद वाट तीच आहे. गाडी चांगली गरम करून इंजिन बंद करा आणि जाळीच्या तोंडावर लेझर थर्मामीटर वरून खाली फिरवा. तापमान सावकाश उतरत गेलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा शेजारच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी गार लागला तर तेवढ्या नळ्या बंद आहेत.

खवला पातळ असेल तर सायट्रिक अ‍ॅसिडने निघतो, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व. थर्मोस्टॅट काढूनच हे करा. आधी पाणी सोडून ते मोजा, तेवढीच तुमच्या गाडीची क्षमता. प्रत्येक लिटरला ३० ते ४० ग्रॅम या हिशेबाने, २० लिटरला ६०० ते ८०० ग्रॅम लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून भरा. पाणी ८० अंशांपर्यंत तापवून अर्धा तास इंजिन चालू ठेवा, गार होऊ द्या, सोडून द्या. मग साध्या पाण्याने तीनदा, प्रत्येक वेळी इंजिन दहा मिनिटं चालवून धुवा. एक सूचना: खवल्याने बुजलेली जुनी भोकं उघडी पडून रेडिएटर गळायला लागू शकतं. ते लिंबूसत्वाचं पाप नव्हे, रेडिएटर तिथे आधीच संपलेलं होतं. संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि कॉस्टिक सोडा मात्र कुणी कितीही सांगितलं तरी टाकू देऊ नका. अ‍ॅसिड झाळ खातं, कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातो.

तुमच्या बाबतीत हळदीमुळे लिंबूसत्वाने भागेल असं वाटत नाही. रेडिएटर उतरवून कारागिराकडे न्या. खालचं तोंड हाताने बंद करून ते काठोकाठ भरायचं आणि हात एकदम काढायचा. पाणी भसकन पडलं पाहिजे. रेंगाळत पडत असेल तर तांबं-पितळेच्या रेडिएटरचे वरचे-खालचे डबे उघडून प्रत्येक नळीतून सळई काढावी लागते. कारागिराला विचारा, किती नळ्या त्याने आधीच झाळून बंद केल्या आहेत. गळणारी नळी बंद करणं सोपं असतं, म्हणून प्रत्येक दुरुस्तीत दोन-चार जातात. दहातली एक नळी जरी बंद असली तरी आपल्या उन्हाळ्यात ते जाणवतं. तशी वेळ असेल तर सळई मारण्यापेक्षा नवा कोअर (नळ्या आणि जाळीचा गाभा) घालणं स्वस्त पडतं.

खालचा होज तपासायचा म्हणजे गाडी गरम असताना एकाने रेस वाढवायची आणि दुसऱ्याने लांबून बघायचं. तो पंपाच्या ओढीने चपटा होत असेल तर आतली स्प्रिंग गंजून गेली आहे किंवा रबर मऊ पडलं आहे. हे करताना गळ्यातला रुमाल काढून ठेवा, बाह्या वर करा. पंखा माफ करत नाही.

टोपण सगळ्यात स्वस्त भाग आहे आणि पाणी फेकण्याच्या तक्रारीत ते सगळ्यात आधी बघायला हवं होतं. त्यावर दाबाचा आकडा असतो. दाब टिकला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो: ०.५ बारला साधारण १११ अंश, ०.७ बारला ११५, १ बारला १२०. रबर चपटं झालेल्या टोपणाने दाबच धरला नाही तर १०० अंशाला उकळी फुटते, आणि मग काटा लालला पोचायच्या आत गाडी पाणी फेकते. कारागिराकडे हातपंपाचं टेस्टर असतं, त्यावर टोपण आकड्याइतका दाब धरतं का ते पाहा. त्याच टेस्टरने गार रेडिएटरवरही तेवढाच दाब देऊन पंधरा मिनिटं थांबा. काटा उतरला आणि बाहेर कुठे थेंब नसेल तर गळती आतल्या बाजूला आहे. गाडी गार झाल्यावर वरचा होज चपटा होत असेल तर टोपणाचा छोटा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह अडकला आहे. मूळ आकड्यापेक्षा जास्त दाबाचं टोपण लावू नका, जुन्या रेडिएटरची झाळ सुटते.

आता हेडचा प्रश्न. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर हे करा. फॅन बेल्ट काढा, म्हणजे पंप फिरणार नाही आणि पाणी स्थिर राहील. रेडिएटर काठोकाठ भरा, टोपण उघडं ठेवा, इंजिन चालू करा आणि तोंडाकडे बघत राहा. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा येतो, तो साठलेल्या हवेचा. सतत, थांबल्याशिवाय बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे. एक-दीड मिनिटात इंजिन बंद करा, पंपाशिवाय यापेक्षा जास्त चालवायचं नाही. त्याच वेळी ऑइलची काडी काढून बघा. ऑइल ताकासारखं दुधाळ असेल, किंवा पातळी वाढली असेल, तर आणखी चालवू नका.

पण बुडबुडे दिसले तरी लगेच हेडवर जाऊ नका, कारण तुमची गाडी एअर ब्रेकची आहे. एअर कंप्रेसरच्या हेडला पाण्याचे दोन पाइप येत असतील तर त्याचं हेडही इंजिनाच्याच पाण्यावर गार होतं. कंप्रेसरची छोटी गॅस्केट फुटली की दाबाची हवा पाण्यात शिरते आणि रेडिएटरमध्ये हुबेहूब तसेच बुडबुडे येतात. फरक ओळखायचा म्हणजे बेल्ट काढायच्या आधीच हवेची टाकी पूर्ण भरून ठेवा. टाकी भरलेली असताना कंप्रेसर दाब बनवत नाही. मग बेल्ट काढून चाचणी करा. बुडबुडे दिसले नाहीत तर ब्रेक वारंवार दाबून टाकी उतरवा, म्हणजे कंप्रेसर पुन्हा हवा भरायला लागेल, आणि परत मिनिटभर बघा. टाकी भरताना बुडबुडे आणि 'फस्स' आवाजाने कंप्रेसर अनलोड झाल्यावर, म्हणजे हवा भरणं थांबल्यावर, बंद, असं असेल तर दोष कंप्रेसरचा. हेड खोलून परत बसवूनही गाडी तशीच तापते, अशी तक्रार येते तेव्हा या गॅस्केटकडे कुणी पाहिलेलं नसतं.

पाणी, हवा, गॅस तिन्ही ठीक निघाले तर इंजिन जास्त उष्णता का करतं ते बघायचं. जळालेल्या डिझेलची साधारण पाव ते तिसरा हिस्सा उष्णता पाण्यात जाते. ताकदीसाठी डिझेल पंपाचं सेटिंग वाढवून घेतलं असेल तर चढावर काळा धूर दिसतो आणि ती वाढीव उष्णता रेडिएटरच्या डोक्यावर बसते. पंप कॅलिब्रेशनला न्या, टायमिंगही मूळ खुणेवर आणून घ्या. ब्रेक चिकटतात का हेही पाहा. सपाट रस्त्यावर ब्रेक न लावता वीस किलोमीटर चालवून सगळ्या ड्रमचं तापमान घ्या. एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा ४०-५० अंशांनी गरम असेल तर इंजिन तो ब्रेक ओढत घाट चढतं आहे.

दुरुस्ती झाल्यावर पुन्हा बोअरचं पाणी भरू नका. बॅटरीचं पाणी किंवा आरओचं पाणी घ्या, त्यात कूलंट निदान तिसरा हिस्सा, जास्तीत जास्त निम्मा. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्न नाही, कूलंट हवं ते गंज आणि खवला रोखण्यासाठी आणि उकळी लांबवण्यासाठी. नुसतं कूलंट भरलं तर ते पाण्याइतकी उष्णता वाहत नाही. डब्यावर 'रेडी मिक्स' लिहिलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. वेगळ्या रंगाचं, वेगळ्या जातीचं कूलंट मिसळू नका. सावकाश भरा, थर्मोस्टॅटच्या घरावर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा ठेवा, टोपण न लावता थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा आणि पातळी पुन्हा पूर्ण करा. असंच तयार केलेलं दहा लिटरचं कॅन गाडीत ठेवा, म्हणजे ढाब्यावरचं पाणी टाकायची वेळ येणार नाही.

हे सगळं होईपर्यंत गाडी उभी ठेवणं परवडणार नाही, हे कळतं. तोवर घाट रात्री किंवा पहाटे चढा, आणि माल थोडा कमी घ्या. वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कण्हत ठेवू नका. एक गिअर खाली घेतला की पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतात. काटा चढायला लागला की ड्रायव्हरने पाय हलका करावा. तरीही चढत राहिला तर सुरक्षित जागी थांबून इंजिन हजार-बाराशेच्या रेसवर पाच मिनिटं चालू ठेवायचं, म्हणजे पंखा आणि पंप काम करत राहतात आणि टर्बोही गार होतो. मात्र होज फुटला असेल किंवा पाणी संपलं असेल तर त्याच क्षणी बंद करा. टोपणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नका. नंतर ओलं गोणपाट टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, दाब निघून जाऊ द्या, मग पूर्ण काढा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं की हेडला तडा जातो, आणि मग हेड खोलण्यावाचून इलाज राहत नाही. त्यामुळे पाणी टाकायचं तर गार झाल्यावर, किंवा इंजिन चालू ठेवून अगदी बारीक धारेने.

क्रम असा ठेवा: जाळी धुणं आणि टोपण पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी सकाळी बुडबुड्यांची चाचणी, थर्मोस्टॅट पातेल्यात तपासून परत बसवणं, मग भरल्या गाडीची मोजणी. नंतर आम्हाला चार गोष्टी लिहून पाठवा: घाटात वरच्या आणि खालच्या नळीचं सर्वांत जास्त तापमान, त्या वेळी बाहेरच्या हवेचं तापमान, टोपणावरचा आकडा, आणि टाकी भरलेली असताना व भरत असताना बुडबुडे होते की नाही. रेडिएटरच्या तोंडातला टॉर्च मारून काढलेला एक फोटोही जोडा. त्यावरून सळई की नवा कोअर हे नक्की सांगता येईल.